पाजणारीचा रकाना

"दांडेकर, खोटं कोण बोलतंय? तुमचं रजिस्टर की मेंढीचं रक्त?"

पद्मजा मॅडमनी दोन कागद माझ्या टेबलावर ठेवले आणि त्या उभ्याच राहिल्या. मी आधी चष्मा पुसला. असल्या प्रश्नाला लगेच उत्तर द्यायचं नाही, हे मी शनिवार पेठेत वाढताना शिकलो आहे. समोरच्याला आपल्या प्रश्नाची थोडी लाज वाटू द्यावी. मॅडमना काही लाज वाटली नाही.

डावा कागद म्हणजे माझ्या रजिस्टराचा उतारा. उजवा म्हणजे प्रयोगशाळेतून आलेला रक्ताचा अहवाल. एकशे साठ मेंढ्या, आणि त्यांतल्या एकवीस ओळींवर लाल खुणा.

"ही दोनशे बारा नंबरची बघा," त्या म्हणाल्या. "तीनदा व्याली आणि तिन्ही वेळा जुळी, असं तुम्ही लिहिलंय. रक्त म्हणतं, हिच्यात जुळ्यांची खूणच नाही. आणि ही एकशे सत्याऐंशी. तिन्ही वेळा एकेक कोकरू. रक्त म्हणतं, हिच्यात दोन खुणा आहेत. हिला तिळी व्हायला हवीत!"

"रक्ताचं मला माहीत नाही," मी म्हणालो. "रजिस्टर माझं आहे. एकोणतीस वर्षांत त्यात एक खाडाखोड नाही."

"खाडाखोड नाही म्हणजे खरं आहे, असं नसतं दांडेकर."

हे मात्र मला लागलं. मी काही मॅडमसारखा शास्त्रज्ञ नव्हे. मांजरी गावाच्या पुढे, कालव्याच्या कडेला जे आमचं मेंढी पैदास केंद्र होतं, तिथला कारकून. रोज स्कूटरवरून एकोणीस किलोमीटर यायचं, आठला हजर व्हायचं, साडेपाचला उठायचं. जन्मलेल्या प्रत्येक कोकराच्या कानात बिल्ला मारायचा आणि रजिस्टरात लिहायचं: तारीख, वजन, आईचा क्रमांक. माझ्या आयुष्यात मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. तेवढं रजिस्टर होतं.

आणि गोष्ट माझ्या अपमानापुरती नव्हती. पंधरा दिवसांनी दिल्लीहून समिती यायची होती. नोंदींवर विश्वास ठेवता येत नाही असं त्यांनी लिहिलं की सात वर्षांचं काम पाण्यात, केंद्राला कुलूप आणि मेंढ्या लिलावात. लिलावात कोण येतं ते सांगायला नको.

हे सगळं ज्यांच्यामुळे सुरू झालं, त्या मेंढ्या पंचाण्णव साली हावड्याहून रेल्वेने आल्या. आठ माद्या, तीन नर. सुंदरबनातल्या गारोल जातीच्या. पुणे स्टेशनवर पार्सलचा डबा उघडला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी आपल्याला फसवलं. आपल्या दख्खनी मेंढीच्या निम्म्यानेही नव्हत्या. त्यांतली सगळ्यात लहान मी माझ्या हातांनी उचलून टेम्पोत ठेवली. बारा किलो भरली नंतर. आमच्या वाड्यातलं मांजर तिच्याकडे बघून घाबरलं नसतं.

"ह्या?" सोजरबाई टेम्पोत डोकावून म्हणाल्या होत्या. "बाई, ह्या काय खेळायला आनल्या व्हय?"

सोजरबाई आमच्या केंद्रावर रोजंदारीवर होत्या. जातीच्या धनगर. नवरा वारला, मग कळप राहिला नाही, तेव्हापासून फाटकाजवळच्या खोलीत एकट्या राहायच्या. मेंढ्या बहुतेक पहाटे वितात आणि त्या वेळी केंद्रावर दुसरं कुणी नसे, म्हणून ते काम आपोआप त्यांच्याकडे आलं. अक्षरओळख नव्हती. मला त्या भाऊसाहेब म्हणायच्या आणि माझ्या बिल्ले मारायच्या चिमट्याकडे जरा तुच्छतेने बघायच्या.

आल्यानंतर चौथ्याच दिवशी त्या गारोल मेंढ्यांनी पहिला धक्का दिला. कालवा फुटून खालच्या चरात पाणी साठलं होतं. आमच्या दख्खनी मेंढ्या काठावर गोळा होऊन पाय वर घेत उभ्या. आणि ह्या पाहुण्या सरळ चरात उतरल्या. पोटापर्यंत पाणी, आणि माना खाली घालून पाण्यातलं गवत खात पुढे चालल्या. सोजरबाईंनी पदर तोंडाला लावला. मॅडम, तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या, हसल्या आणि म्हणाल्या, "त्यांच्या गावी समुद्र दिवसातून दोनदा शेतात येतो, सोजरबाई. ह्यांच्या खुरांना चिखलाचं काही होत नाही."

"समिंदर शेतात?" सोजरबाईंनी विचारलं. "आन् मानसं?"

"माणसंही तिथेच राहतात."

सोजरबाईंनी त्या मेंढ्यांकडे पुन्हा नीट पाहिलं. त्यानंतर त्यांची थट्टा कधी केली नाही.

पुढच्या महिन्यात त्यांतली सगळ्यात लहान, बारा किलोवाली, विणार होती. सोजरबाईंनी तिचं नाव चिमी ठेवलं होतं. मी आठला पोहोचलो तर मॅडम आणि सोजरबाई दोघी जमिनीवर बसलेल्या. चिमीच्या पुढ्यात तीन कोकरं होती. एकेक माझ्या तळहातावर मावेल एवढं. ती इवलीशी आई एकाला चाटायची, दुसऱ्याला ढकलायची, तिसऱ्याचा वास घ्यायची, आणि तिच्या अंगात हे तिघं कुठे होते हे काही केल्या डोक्यात शिरेना.

"आमच्या वाड्यात तीन-चारशे मेंढरं व्हती," सोजरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "माझी आय सरू सांगायची, जुळं व्हनारी मेंढी धा-बारा वर्साला एकदा दिसती. ती दिसली की तिला भंडारा लावायचा. आन् ही बगा, तीन. कुनाला सांगितलं तर खरं वाटंल का?"

त्यांनी उठून दोन्ही हात जोडले. माझ्या लक्षात आलं, त्यांच्या वहाणा दाराबाहेर होत्या. त्या दिवसानंतर विण्याच्या खोलीत त्या कधी वहाणा घालून गेल्या नाहीत. मी मनात हसलो होतो. आता ते आठवलं की बरं वाटत नाही.

मेंढीला सड दोनच असतात. चिमीचं तिसरं कोकरू दुसऱ्या दिवशी पहाटे मेलं. मॅडम तिथेच बसून रडल्या. एवढी शिकलेली बाई, डॉक्टरेट झालेली, त्या किलोभर जिवासाठी हुंदके देऊन रडली. मग डोळे पुसून म्हणाल्या, "सोजरबाई, यापुढे एकही मरता कामा नये. काय करायचं ते करा, पण जगवा."

"जगवते," सोजरबाई म्हणाल्या.

आणि खरंच, नंतरच्या सात वर्षांत आमच्याकडे तिसरं कोकरू असं मेलं नाही. मॅडमच्या अहवालात त्याचं श्रेय खुराकाला दिलेलं होतं.

बेत असा होता: गारोल नरांपासून दख्खनी मेंढ्यांना संतती घ्यायची. अंगाने दख्खनीसारखी दणकट, पण एकाऐवजी दोन कोकरं देणारी. तीन नकोत, दोन पुरेत. कुठल्या मेंढीत तो गुण उतरला आणि कुठल्या नाही, हे कळायचं तर ती किती कोकरं देते ते बघत राहायचं, एवढाच उपाय होता. म्हणजे माझं रजिस्टर. मग दोन हजार दोन साली रक्तावरून तो गुण ओळखायची नवी चाचणी हाताशी आली आणि आम्ही एकशे साठ मेंढ्यांचं रक्त काढलं. मॅडमनी सुई लावायची, सोजरबाईंनी मेंढी धरायची, मी नळीवर क्रमांक लिहायचा.

"रगत कशाला, बाई?" सोजरबाईंनी तेव्हा विचारलं होतं.

मॅडमनी हातातलं काम थांबवलं. त्यांना हे सांगायला फार आवडायचं. "त्यात एक खूण असते. एक असली तर बहुतेक दोन कोकरं. आई आणि बाप, दोघांकडून आली तर तीन. आणि गंमत ऐका. तिकडे ऑस्ट्रेलियात, जगाच्या त्या टोकाला, मोठ्या लोकरीच्या मेंढ्यांचा एक कळप होता, त्यांना अशीच खूप कोकरं व्हायची. कुणाला कळेना का. दोनशे वर्षांपूर्वी कलकत्त्याहून निघालेल्या गलबतांत काही लहान मेंढ्या तिकडे गेल्या होत्या, एवढं जुन्या कागदांत सापडलं. आता रक्त पाहिलं, तर खूण तीच. अगदी हीच."

सोजरबाईंनी धरलेल्या मेंढीच्या तोंडाकडे पाहिलं. "म्हंजी चिमीच्या नात्यातल्या समिंदरापल्याड हायेत?"

"हो."

"दोनशे वर्सं. आन् ती खून पुसली न्हाई?"

"नाही पुसली."

मीही लिहायचा थांबलो होतो. एवढा अगडबंब मेंढा, एवढी लोकर, सगळा अवतार बदललेला, आणि आत कुठेतरी सुंदरबनातल्या चिखलातली ती बारा किलोची आजी बसलेली. माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू. मग घड्याळ पाहिलं, पाच पंचवीस झाले होते. दोन नळ्या राहिल्या होत्या. त्यांवर क्रमांक घातले आणि साडेपाचला निघालो.

तर आता त्या लाल खुणा. मी घरी गेलो, जेवलो नाही. बायकोने विचारलं तेव्हा सांगितलं की रजिस्टरात काहीतरी घोळ आहे, आणि तो माझ्याकडून झालेला नाही.

"कोकरू जन्मतं तेव्हा तुम्ही तिथे असता का?" तिने विचारलं.

"मी आठला जातो."

"तेच म्हणते. माझ्या दोन्ही बाळंतपणांतही तुम्ही साडेपाचनंतरच आलात. नाव मात्र बरोबर लिहिलंत."

दुसऱ्या दिवशी चार वाजता उठून मी स्कूटर काढली. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा मी पाचला केंद्रावर होतो. चोर पकडायला निघालेल्या माणसाचा हुरूप अंगात होता. विण्याच्या खोलीच्या जाळीशी जाऊन उभा राहिलो. दाराबाहेर सोजरबाईंच्या वहाणा होत्या.

आत एकशे सत्याऐंशी नंबरची मेंढी व्याली होती. तिन्ही कोकरं जिवंत. तिची कास लहान, दूध बेताचं. पलीकडे दोनशे बारा, धिप्पाड, नुकतीच कळा द्यायला लागलेली. सोजरबाई वाट बघत बसल्या होत्या. दोनशे बाराची पाणमोट फुटली तशा त्या उठल्या. ओंजळीत ते पाणी धरलं आणि एकशे सत्याऐंशीच्या एका कोकराला त्या पाण्याने नखशिखान्त न्हाऊ घातलं. त्याचे पाय हलकेच गवताच्या दोरीने बांधले, म्हणजे ते उठून पळणार नाही, आत्ताच जन्मलं असं वाटेल. दोनशे बाराचं कोकरू बाहेर आलं आणि त्याच क्षणी हे दुसरं त्याच्या शेजारी ठेवलं. ती मेंढी वळली. वास घेतला. तिने दोघांना चाटायला सुरुवात केली, आधी परक्याला. मग सोजरबाईंनी पाय सोडले आणि ते कोकरू धडपडत कासेला गेलं.

सगळं मिळून दहा मिनिटं. त्यांच्या हातांकडे बघताना मी कशासाठी आलो होतो तेच विसरलो. देवळात काकडआरतीला उभं राहावं तसा उभा होतो.

पण मी शेवटी मीच. आठ वाजता मॅडमच्या खोलीत जाऊन पाहिलेलं सगळं सांगितलं. माझ्या रजिस्टराची अब्रू वाचली होती. मी सोजरबाईंना रोज विचारायचो, कुठलं कुणाचं, आणि त्यांनी दाखवलं तसं लिहायचो. चूक त्यांची होती.

मॅडमनी सोजरबाईंना बोलावलं. आवाज चढला नव्हता. "सात वर्षं तुम्ही कोकरं बदलत होता?"

"बदलत नव्हते, बाई. लावत व्हते. जिला दूध हाय तिला."

"आणि दांडेकरांना काय सांगत होता?"

"जिला लावलं तिचं म्हनून. आमच्या वाड्यात तसंच असतंय. जी पाजंल तिच्या नावानं कोकरू वळखायचं. पिऊन जगतंय ते तिचं." त्यांनी मॅडमकडे पाहिलं. "तुमीच म्हनला व्हता, काय करायचं ते करा पन जगवा."

मॅडम खाली बसल्या. ते वाक्य त्यांनाही आठवत असणार. "जगली सगळी," त्या म्हणाल्या. "पण कोण कुणाला झालं हे कळलं नाही, तर सगळं काम फुकट आहे, सोजरबाई. समिती येईल, मेंढ्या विकतील. सगळ्या. उद्यापासून तुम्ही येऊ नका."

मी खिडकीबाहेर बघत होतो. ही अब्रू मला नको होती, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं. सोजरबाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"बाई, कोन कुनाला झालं, ते मला ठावं हाय."

"चाळीस-पन्नास कोकरं असतील, सोजरबाई. सात वर्षांतली."

"त्रेसष्ट," सोजरबाई म्हणाल्या.

मॅडमचा विश्वास बसला नाही. माझाही नाही. पण चाळीस वर्षं मेंढरांत काढलेली बाई काय म्हणते ते ऐकून तरी घ्यावं, म्हणून आम्ही तिघं शेडमध्ये गेलो. मॅडमच्या हातात रक्ताचा अहवाल होता. त्यांनी तो छातीशी धरला होता, आणि धरला नसता तरी सोजरबाईंना वाचता येत नव्हताच. माझ्या हातात कोरी वही.

सोजरबाई एकेका मेंढीपाशी जायच्या, हनुवटी धरून तोंड बघायच्या आणि सांगायच्या. बिल्ल्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. "ही लिवा. पैल्या येळेला दोन, दोन्ही हिच्यापाशीच ठिवली. दुसऱ्या येळेला तीन, त्यातली एक त्या कानफाट्या मेंढीला लावली, कालव्याचं पानी बंद झालं त्या साली. ती लेक आता ती बगा, खांबाला अंग घासतीय ती." मग पुढची. "हिला एकच. कायम एकच. हिच्यापाशी बगितलेली जुळी हिची न्हाईत, दुसरं कोकरू चिमीच्या नातीचं." नाकाची ठेवण, पायावरचा डाग, ओरडायची ढब, कुठल्या साली कुठल्या कोपऱ्यात व्याली, सगळं. मी लिहीत होतो आणि माझा हात दुखत होता. जेवणाची सुट्टी होऊन गेली, कुणाला भान नव्हतं. त्या बाईच्या डोक्यात सात वर्षांचा कळप आई-लेकरांसकट शांतपणे चरत होता आणि मी मात्र इतकी वर्षं तिला अडाणी समजत होतो.

संध्याकाळी मॅडमनी माझी वही आणि अहवाल शेजारी शेजारी ठेवून लाल खुणांवरून बोट फिरवायला सुरुवात केली. पहिली जुळली. दुसरी जुळली. आठवी जुळली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. एकोणीस जुळल्या. उरल्या दोन, अठ्ठ्याऐंशी आणि एक्क्याण्णव.

"ह्या दोन चुकल्या," मॅडम म्हणाल्या. "अठ्ठ्याऐंशीला सोजरबाई एकच म्हणतात, रक्तात खूण आहे. एक्क्याण्णवला दोन म्हणतात, रक्तात नाही. तरी एकवीसपैकी एकोणीस, दांडेकर! ही काय माणसाची आठवण आहे?"

"त्या दोगींची कोकरं म्या कंदी हलवलीच न्हाईत," सोजरबाई दारातून म्हणाल्या. "भाऊसाहेबांच्या बुकात बी तसंच आसंल."

तसंच होतं. माझं रजिस्टर आणि सोजरबाई, दोघांचं इथे एकमत होतं. रक्त तेवढं वेगळं बोलत होतं. मी ते दोन क्रमांक बघत बसलो आणि मला आठवलं. अठ्ठ्याऐंशी आणि एक्क्याण्णव ह्याच रक्त काढलं त्या दिवशीच्या शेवटच्या दोन नळ्या. पाच पंचवीस. ऑस्ट्रेलियाच्या गोष्टीने डोकं भरलेलं आणि साडेपाचला खुर्ची सोडायची.

गप्प बसलो असतो तर चाललं असतं. दोन चुका सोजरबाईंच्या नावावर गेल्या असत्या आणि त्यांनी ब्र काढला नसता. माझ्या एकोणतीस वर्षांना हात लागला नसता. तेवढा विचार मी केला, हे कबूल करतो.

"मॅडम," मी म्हणालो, "ह्या दोघींचं रक्त परत घ्या. नळ्यांवरचे क्रमांक माझ्याकडून उलटे पडले असणार. मी घाईत होतो."

"घाईत? कसल्या?"

"साडेपाच वाजत होते."

मॅडमनी ते दोन क्रमांक टिपून घेतले. सोजरबाई माझ्याकडे बघून अगदी थोडंसं हसल्या, आणि त्यात टोमणा नव्हता म्हणून मला जास्त लागलं.

आठ दिवसांनी नवा अहवाल आला. नळ्यांची अदलाबदलच झाली होती. सगळ्या एकवीस बरोबर. सोजरबाईंची एकही चूक नव्हती. माझी एक होती.

समिती आली. मॅडमनी काही लपवलं नाही. जुनं रजिस्टर, सोजरबाईंच्या तोंडून लिहिलेली वही, रक्त, तिन्ही समोर ठेवलं. समितीतल्या एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी सोजरबाईंना शेडमध्ये नेऊन दहा-बारा मेंढ्या विचारल्या आणि प्रत्येक उत्तर अहवालाशी ताडून पाहिलं. केंद्र चालू राहिलं. मेंढ्या राहिल्या. सोजरबाईही राहिल्या.

पण आता नियम आला: बिल्ला मारल्याशिवाय कोकरू हलवायचं नाही. बरोबरच होतं ते. फक्त बिल्ला मारणारा माणूस आठला यायचा, आणि पाणमोट काही आठपर्यंत थांबत नाही. पहिल्या आठवड्यात मी पोहोचलो तर सोजरबाई मांडीवर तिसरं कोकरू घेऊन बाटलीने पाजत बसलेल्या, आणि पलीकडे दूध दाटलेली मेंढी एकट्या कोकराला घेऊन उभी. "वास गेला आता," त्या म्हणाल्या. "आता ती घ्यायची न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून मेंढ्या विण्याच्या दिवसांत मी चारला उठायला लागलो. बायकोने एकदाच विचारलं, "कुणाचं बाळंतपण?" आणि मग ती निमूटपणे उठून चहा करून द्यायला लागली. पाचला पोहोचायचं, बूट दाराबाहेर काढायचे, ओल्या कानात बिल्ला मारायचा, आईचा क्रमांक लिहायचा. मग मी बाजूला सरायचो आणि सोजरबाई पाण्याने भरलेली ओंजळ घेऊन पुढे व्हायच्या. रजिस्टरात आईच्या क्रमांकाशेजारी मी पट्टीने एक नवी रेघ मारली आणि वर लिहिलं: पाजणारी. असा रकाना कुठल्याही सरकारी नमुन्यात नाही. मॅडमनी तो पाहिला आणि खाली सही केली.

त्याच वर्षाअखेर सोजरबाईंना कायम करण्याचे कागद आले. अर्ज मीच भरायला बसलो. समोर त्या खुर्चीच्या कडेवर, उठायच्या बेतात बसलेल्या.

"आईचं नाव?"

"सरुबाई."

मी पेन टेकवणार, इतक्यात जन्मस्थळाचा रकाना दिसला. "जन्म कुठला?"

"घाटात. आमचा वाडा मेंढरं घिऊन कोकनात उतरत व्हता. म्या झाले आन् आय तितंच गेली."

"सरुबाई गेल्या? अहो, त्या तर तुम्हाला गोष्टी सांगायच्या ना?"

"सरू न्हाई. जलम देनारी. आनंदीबाई नाव तिचं. सरुबाईच्या अंगावर तवा तिचा भैरू व्हता, म्हैन्याचा. तिनं त्याला एकीकडं घेतला आन् मला दुसरीकडं लावली." हे त्या मेंढीचं सांगावं तितक्या साधेपणाने सांगत होत्या. "आनंदीबाईला बगितलेलं आता कुनी ऱ्हायलं न्हाई. तिचं नाव बी कुटं लिवलेलं नसंल."

मी पेन हातात धरून बसलो. इतक्या वर्षांत ह्या बाईला मी कोकरांपलीकडे काही विचारलं नव्हतं. टेबलावर रजिस्टर उघडं होतं. सोजरबाईंना अक्षर येत नव्हतं, पण रेघा कळत होत्या. त्यांनी नव्या रकान्यावर बोट ठेवलं.

"ह्या कागदात असे दोन न्हाईत व्हय, भाऊसाहेब?"

"नाहीत."

"मग ऱ्हाऊ द्या. कंचंबी एक लिवा."

मी बारीक निबाचा टाक काढला आणि त्या बोटभर चौकोनात, एकाखाली एक, दोन नावं लिहिली. आनंदीबाई. सरुबाई. वाचून दाखवली. सोजरबाईंनी पदराने डोळे पुसले, आपल्या अंगठ्याकडे पाहिलं आणि सांगितलेल्या जागी तो नीट उमटवला.

दोन महिन्यांनी अर्ज मुख्य कार्यालयातून परत आला. माझ्या निवृत्तीला तेव्हा चार महिने उरले होते. वर तांबड्या शाईत शेरा होता: "आईच्या नावाच्या रकान्यात दोन नावे आढळतात. चूक दुरुस्त करून अर्ज पुन्हा सादर करावा." माझ्या नोकरीतला पहिला शेरा.

मी तो दोनदा वाचला. साडेपाच वाजून गेले होते. शेऱ्याखाली, माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात, मी लिहिलं: "चूक नाही. नोंद बरोबर आहे."

आणि खाली सही केली.